गोळ्यांची रुजवात

रुग्णाच्या औषधयोजनेतील चुका जर संगणकच हुडकून काढू लागला, तर डॉक्टरांच्या विवेकाला काय काम उरणार, असा प्रश्न एका वाचकांनी पत्राने विचारला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जाहिरातींचा सध्याचा गजर पाहता ही शंका स्वाभाविक आहे. परंतु तिचे उत्तर जाहिरातींत न शोधता, अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरी सुमारे पन्नास वर्षांपूर्वी झालेल्या एका प्रयोगात शोधावे असे मी सुचवीन, कारण इतका साधा आणि तरीही इतका मर्मग्राही प्रयोग वैद्यकाच्या इतिहासात मला क्वचितच आढळला आहे.

तेथील रीगनस्ट्रीफ संस्थेतील क्लेमेंट मॅक्डॉनल्ड यांनी रुग्णांचे दप्तर संगणकात नोंदवून घेतले, आणि अमुक औषध चालू असता तमुक रक्ततपासणी राहून गेली आहे, अशा स्वरूपाची छापील स्मरणपत्रे डॉक्टरांच्या हाती पडतील अशी तजवीज केली. एकंदर ९ डॉक्टरांना काही काळ ही स्मरणपत्रे मिळाली, काही काळ मिळाली नाहीत. स्मरणपत्र असताना त्यांनी ५१ टक्के प्रसंगी योग्य ती कार्यवाही केली. नसताना अवघ्या २२ टक्के प्रसंगी. येथवर नवल काहीच नाही. नवल पुढे आहे: आधी स्मरणपत्रे मिळून नंतर ती बंद झालेल्या डॉक्टरांचे वर्तन, ज्यांना ती आधी मिळालीच नव्हती त्यांच्याहून वेगळे दिसले नाही, आणि डॉक्टरांच्या प्रशिक्षणाच्या पायरीनेही फरक पडला नाही. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती. गर्दीच्या वेळी, जाड कागदपत्रांतून, शेकडो बारीकसारीक गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवणे हे मनुष्यबुद्धीच्या शक्तीपलीकडचे काम होते. मनुष्याची ही अपूर्णता मॅक्डॉनल्ड यांनी १९७६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच नमूद केली. चूक करणाऱ्यावर ठपका न ठेवता चुकीचे मूळ शोधणाऱ्या या संशोधकाचे नाव आजच्या गजरात कोठेही ऐकू येऊ नये, याचा मला मनापासून खेद वाटतो.

आता एखाद्या सत्तरीच्या आजोबांची गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी करून पाहा. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन सुरू झाली. तिने काही रुग्णांच्या घोट्यांना सूज येते, तशी ती आली. दुसऱ्या डॉक्टरांनी सूज पाहून लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड दिली. तिने रक्तातील युरिक ॲसिड वाढले आणि पायाचा अंगठा ठणकू लागला. त्यावर तिसऱ्यांनी डायक्लोफिनॅक लिहून दिली. ती रक्तदाब चढवते आणि जठराला व्रण पाडू शकते. रक्तदाब चढला म्हणून ॲम्लोडिपिनची मात्रा दुप्पट झाली, आणि सूजही वाढली! प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर, प्रत्येक डॉक्टर सद्हेतूने वागलेला, आणि तरीही आजोबा आजारीच. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये औषधांच्या या साखळीचे विवेचन केले. औषधांची फेरतपासणी म्हणजे ही साखळी उलट दिशेने सोडवत जाणे. रोजकीर्दीतील प्रत्येक रकमेची खतावणीशी जशी रुजवात घालावी, तशी प्रत्येक गोळीची तिच्या मूळ कारणाशी रुजवात घालणे.

ही रुजवात यंत्राने घालावी की माणसाने, याचा निवाडा होण्याच्या दृष्टीने इंग्लंडमध्ये टोनी ॲव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली ‘पिन्सर’ चाचणी मला फार मोलाची वाटते. तिचे निष्कर्ष २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. जनरल प्रॅक्टिशनरांच्या ७२ दवाखान्यांच्या दप्तरांतून संगणकाने धोक्यातील रुग्ण निवडून काढले: जठरव्रणाचा पूर्वेतिहास असून संरक्षक औषधाविना वेदनाशामक घेणारे, दमा असून बीटा-ब्लॉकर घेणारे, रक्ततपासणीविना दीर्घकाळ ठराविक औषधे घेणारे वृद्ध. निम्म्या दवाखान्यांना केवळ ही यादी देण्यात आली. उरलेल्यांना यादीबरोबर एक फार्मासिस्टही मिळाला, जो डॉक्टरांशी मसलत करी आणि एकेका रुग्णाचा प्रश्न तडीस नेई. सहा महिन्यांनी फार्मासिस्ट असलेल्या दवाखान्यांत या तिन्ही प्रकारचे धोके लक्षणीयरीत्या कमी आढळले. यादी दोघांकडेही होती, हे विसरू नये.

नुसत्या इशाऱ्यांवर विसंबणे किती व्यर्थ ठरते याचा दाखला २००६ सालच्या एका आढाव्यात मिळतो. औषधांविषयीचे ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टर बाजूला सारतात, असे त्यात दिसून आले. क्षुल्लक इशाऱ्यांचा मारा झाला की महत्त्वाचा इशाराही नजरेआड होतो. शिवाय आजोबांच्या घोट्यांची सूज हृदयाची की गोळीची, ती कधीपासून आली, दोन निराळ्या नावांनी ते एकच औषध तर घेत नाहीत ना, की खर्चापायी एक दिवसाआड घेतात, हे शेजारी बसून विचारल्याखेरीज कोणत्याही दप्तरात उमटत नाही.

आपल्याकडे एकाच औषधाची अनेक व्यापारी नावे आणि डॉक्टरागणिक वेगळी चिठ्ठी, त्यामुळे ही विचारपूस अधिकच निकडीची आहे. ती करू शकणारी माणसेही तयार होत आहेत, फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम भारतात २००८ साली सुरू झाला, आणि २०१५ सालच्या फार्मसी व्यवसायाच्या नियमांत रुग्णाच्या समुपदेशनाला स्पष्ट स्थान मिळाले. परंतु औषधाच्या दुकानात ग्राहक सहसा उभ्यानेच गोळ्या घेऊन जातो, आणि फार्मासिस्टने अर्धा तास बसून पिशवी तपासली, तर त्या वेळेचा मोबदला देण्याचा शिरस्ता नाही. इस्पितळे सॉफ्टवेअरसाठी जी रक्कम मंजूर करतात, तिचा काही अंश या अर्ध्या तासासाठी राखून ठेवावा, आणि त्याचा आरंभ पाचांहून अधिक गोळ्या चालू असलेल्या वृद्धांपासून, इस्पितळातून घरी सोडण्याच्या दिवशीच करावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.