युरिया, श्वास आणि पोटातला व्रण



या पानावर एरवी आम्ही लागण, खोडवा, बेणे आणि खतांच्या मात्रा यांवर लिहितो. या खेपेस विषय पोटाचा घेतला आहे. ऊसविकास खात्याने पोटाच्या दुखण्यात कशाला पडावे, असे कुणी विचारील. त्याचे कारण असे की, पोटातला व्रण, म्हणजे ज्याला आपण अल्सर म्हणतो, तो ज्या जंतूमुळे होतो त्या जंतूची तपासणी युरियाने करतात. आणि युरियाचे पुढे काय होते हे ऊस उत्पादकाला निराळे शिकवावे लागत नाही. दुसरे कारण अगदी साधे आहे. गटागटांतून फिरताना ज्याच्या-त्याच्या खिशात पित्ताची गोळी दिसते. कुणी सोडा घेतो, कुणी गुलाबी औषधाची बाटलीच घरात भरून ठेवतो. "पित्त आहे हो, दुसरं काय!" असं म्हणत वर्षानुवर्षे चालतं. त्यांतल्या पुष्कळांचे ते नुसते पित्तच असते. काहींचे मात्र नसते.

आधी शेतातले पाहू. युरियात ४६ टक्के नत्र असतो. जमिनीतले जंतू युरिएज नावाचे एक विकर तयार करतात. हे विकर युरिया फोडते आणि त्यातून अमोनिया व कार्बन डायऑक्साइड हे दोन वायू निघतात. युरिया सरीत नुसता फेकून दिला, मातीआड केला नाही, की हा अमोनिया हवेत उडून जातो आणि पोत्यामागे पैसा जातो. म्हणून तर मातीआड करा, मातीआड करा, असे सांगून आम्ही घसा कोरडा करतो.

आता हेच पोटात पाहा. आपल्या रक्तात थोडा युरिया नेहमीच असतो आणि तो जठरातही पाझरतो. जठरातले आम्ल एवढे तीव्र असते की, तिथे कोणताही जंतू टिकणार नाही, असे डॉक्टर मंडळी कितीतरी वर्षे धरून चालली होती. पण एक वळणदार जंतू तिथे टिकतो. त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. त्याच्याजवळ हेच युरिएज विकर भरपूर असते. तो जठरातला युरिया फोडतो, अमोनिया तयार करतो, आणि अमोनिया आम्लाला मारतो. आम्लधर्मी जमिनीत चुना टाकून जमीन जशी सुधारतात, तसे हा जंतू आपल्यापुरते रान सुधारून घेतो आणि जठराच्या आतल्या चिकट थरात ठाण मांडून बसतो. तिथे त्याच्यामुळे दाह होतो. काहींच्या जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जखम पडते. तोच व्रण.

हा शोध लागला ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी. तिथल्या रॉयल पर्थ रुग्णालयातले डॉ. रॉबिन वॉरन यांना १९७९ साली जठराच्या तुकड्यावर सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू दिसले. बरोबरच्यांनी फारसे मनावर घेतले नाही. पुढे १९८१ मध्ये डॉ. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न चालला होता, पण काही उगवेना. नेहमी दोन दिवसांत काही दिसले नाही तर ताटल्या टाकून देत. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या जास्त दिवस राहून गेल्या आणि पाहतात तो जंतू वाढलेले! बेणे उगवून यायला लागतात तेवढे दिवस द्यावे लागतात, हे त्यांना सुट्टीने शिकवले म्हणायचे.

तरी लोकांना पटेना. अल्सर म्हणजे काळजी, तिखट आणि आम्ल, हेच समीकरण पक्के बसलेले. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी आपले जठर निरोगी असल्याची आधी दुर्बिणीने खात्री करून घेतली आणि जंतूंचे पाणी स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांत ओकाऱ्या सुरू झाल्या, तोंडाला घाण वास येऊ लागला, आणि दुर्बिणीने पाहिले तर जठरात दाह व जंतू दोन्ही सापडले. मग औषध घेऊन ते बरे झाले. आमच्या मते हे धाडस म्हणून मोठे, पण अनुकरण करण्यासारखे नव्हे. २००५ साली या दोघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वॉरन यांचे २०२४ मध्ये निधन झाले.

या शोधाने उपचार कसा बदलला ते जुन्या लोकांच्या लक्षात येईल. पूर्वी अल्सरवाल्याला दूध-भात, बिनतिखटाचे जेवण, नाहीतर ऑपरेशन. १९७६ पासून आम्ल कमी करणाऱ्या सिमेटिडीनसारख्या गोळ्या आल्या. जखम भरायची, पण गोळी सोडली की वर्षभरात निम्म्याहून अधिकांना ती पुन्हा उघडायची. तण वरून कापून मूळ तसेच ठेवल्यासारखे झाले ते. जंतूच काढला तर बहुतेकांना व्रण पुन्हा होत नाही. तिखटाने जळजळ वाढते हे खरे, पण तिखटाने अल्सर होतो हे खरे नाही. तेव्हा घरातल्या बाईमाणसाने केलेल्या रश्शाला उगीच दोष देऊ नये.

हा जंतू काही दुर्मिळ नाही. जगातल्या जवळजवळ निम्म्या मोठ्या माणसांच्या पोटात तो असतो, आणि आपल्याकडे त्याहूनही जास्त. तो बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात, एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात असा येतो. बाळाला आपण चावलेला घास भरवायची पद्धत म्हणून सोडलेली बरी. पण जंतू आहे म्हणजे रोग आहे असे नव्हे. बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. शंभरातल्या दहा-वीस जणांना कधीतरी व्रण होतो आणि एक-दोघांना जठराचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच हा जंतू कर्करोगकारक म्हणून जाहीर केला आहे.

आता तपासणी. रोग्याला थोडासा खास युरिया पाण्यातून पाजतात. साधारण ७५ ते १०० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटसुद्धा नाही. त्यातला कार्बन नेहमीपेक्षा थोडा जड असतो, त्याला कार्बन-१३ म्हणतात. पोटात जंतू असेल तर तो हा युरिया फोडतो, जड कार्बनचा वायू रक्तात जातो आणि फुफ्फुसांतून बाहेर पडतो. पाजण्यापूर्वी एकदा आणि अर्ध्या तासाने एकदा, अशी श्वासाची दोन पिशव्यांत मोजणी करतात. दुसऱ्या पिशवीत जड कार्बन वाढला की जंतू आहे. सुई नाही, नळी नाही. कार्बन-१३ किरणोत्सर्गी नसतो, त्यामुळे भीतीचे कारण नाही. मात्र आपल्या ४५ किलोच्या पोत्यातला युरिया कुणी पिऊन बघू नये! खताचा युरिया जनावराने चाटला तर त्याचे काय होते, हे ज्याची गाय गेली त्याला विचारा.

पहिली पिशवी का, तर त्यात उसाचाही संबंध आहे. ऊस, मका, ज्वारी ही पिके हवेतला कार्बन भात-गव्हापेक्षा निराळ्या रीतीने घेतात, त्यामुळे त्यांच्यात जड कार्बन किंचित जास्त असतो. ज्याचे जेवण भाकरीचे आणि चहा गोड, त्याच्या श्वासातही तो मुळात थोडा जास्त येतो. म्हणून ज्याची त्याची तुलना त्याच्याच पहिल्या श्वासाशी. मधात साखर मिसळलेली याच फरकावरून पकडतात, हे जाता जाता सांगतो.

श्वासाची सोय सगळीकडे नाही. पण शौचाच्या नमुन्यावरून जंतू ओळखण्याची तपासणीही तितकीच भरवशाची आहे. रक्ताची तपासणी मात्र जंतू पूर्वी होता की आता आहे, हे सांगू शकत नाही. दुर्बिणीची तपासणी करायची झाली तर जठराचा बारीक तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या गरात ठेवतात. जंतू असेल तर अमोनियाने गर गुलाबी होतो.

एक गोष्ट डॉक्टरला आधी सांगावीच लागते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या पित्ताच्या गोळ्या चालू असताना जंतू दबून राहतो आणि तपासणीत तो नाही असे खोटेच निघते. या गोळ्या दोन आठवडे आणि जंतुनाशके चार आठवडे बंद असावी लागतात. पण बंद करायच्या त्या डॉक्टरला विचारून. व्रण वाहत असलेल्याने परस्पर गोळी सोडली तर तपासणी राहील बाजूला.

उपचार बहुतेक १४ दिवसांचा असतो. एक आम्ल कमी करणारी गोळी आणि तिच्याबरोबर दोन जंतुनाशके. बऱ्याचदा बिस्मथही देतात. अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ मध्ये बिस्मथासह चार औषधांचा १४ दिवसांचा उपचार पहिला म्हणून सांगितला, कारण क्लॅरिथ्रोमायसिन या जंतुनाशकाला जंतू दाद देईनासा झाला आहे. आपल्याकडे मेट्रोनिडॅझोलचीही तीच गत. जुलाबाला म्हणून दोन गोळ्या दुकानातून आणायच्या, बरं वाटलं की सोडायच्या, असे वर्षानुवर्षे केल्याचे हे फळ. अर्ध्या मात्रेत फवारणी केली की कीड मरत नाही, तिला औषध पचायला लागते. गोळ्या जास्त आहेत, तोंडाला कडवट चव येते, मळमळते, म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी माणसे सोडून देतात. तसे करू नये. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू अजिबात नको. बिस्मथाने शौच काळी होते, तिला घाबरू नये.

व्रणाचे दुसरे मोठे कारण आम्हाला आपल्या भागात जास्त काळजीचे वाटते. ते म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. ऊसतोड करणारे स्त्री-पुरुष पहाटे मोळी उचलायच्या आधी उपाशी पोटी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतात. कमर चालते, पण जठराचे संरक्षक अस्तर पातळ होते. पोटात जंतूही असला तर धोका आणखी वाढतो. टोळीच्या मुकादमांनी आणि सभासदांनी हे त्यांच्या कानावर घालावे. हृदयासाठी ज्यांना डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली आहे, त्यांनी मात्र ती मनाने बंद करू नये, तपासणीबद्दल विचारावे.

काही लक्षणांत वाट पाहायची नसते. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या रंगाची ओकारी, आणि एकाएकी पोट फळीसारखे कडक होऊन असह्य कळ येणे, असे झाले तर रात्र असो की पहाट, रोग्याला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. पोटाची कळ असेल तेव्हा वाटेत काही खायला-प्यायला देऊ नये. घास अडकणे, वजन उतरत जाणे, अंगात रक्त कमी होणे, किंवा पन्नाशी उलटल्यावर नव्यानेच पित्त सुरू होणे, यांत गोळी न घेता दुर्बिणीने पाहून घ्यावे. आणि छातीत जळजळून घाम फुटला, दम लागला, डावा हात भरून आला, तर ते पित्त समजून सोडा पाजत बसू नये. ते हृदयाचे असू शकते.

गावच्या गाव तपासून जंतू काढला तर काय होते, हे तैवानच्या मात्सू बेटांवर पाहिले आहे. तिथे २००४ पासून लोकांची श्वासाची तपासणी करून उपचार दिले गेले आणि जठराच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे निम्म्याने उतरले. तिथे तो रोग फार होता. आपल्याकडे जंतू जास्त असूनही जठराचा कर्करोग त्या मानाने कमी आहे, तेव्हा प्रत्येकाने उठून तपासणीला धावावे असे आमचे म्हणणे नाही. ज्याला व्रण आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे, ज्याच्या आईबापाला किंवा भावंडाला जठराचा कर्करोग झाला, ज्याला पुष्कळ दिवस अंगदुखीच्या गोळ्या घ्याव्या लागणार आहेत, आणि ज्याचे पित्त महिनोन्‌महिने हटत नाही, अशांनी डॉक्टरांकडे विषय काढावा.

उपचार संपल्यावर निदान चार आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची असते, कारण बरे वाटणे आणि जंतू जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. श्वासाच्या तपासणीला जाताना सकाळी उपाशी पोटी जायचे. चहासुद्धा नाही.