हस्तः, हस्तौ, हस्ताः

आमच्या पिढीची संस्कृत भाषेशी ओळख इयत्ता आठवीत झाली, आणि त्या ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात गुरुजींचा जो हुकूम कानी पडला तो 'देव चालव' असा होता. देव चालवावयाचा म्हणजे आठ विभक्ती आणि तीन वचने मिळून त्या एका शब्दाची चोवीस रूपे एका दमात म्हणून दाखवावयाची. जो मध्येच अडखळेल त्याने बाकावर उभे राहावयाचे आणि जो पैलतीरास पोहोचेल त्याने पुढल्या शब्दाच्या तगाद्यास तयार व्हावयाचे, असा तो शिरस्ता होता. त्या पाठांतराची मी निंदा करीत नाही, कारण ती चोवीस रूपे इतक्या वर्षांनीही मला मुखोद्गत आहेत आणि पुढे त्यांचा पुष्कळ उपयोग झाला. परंतु 'देवौ' म्हणजे दोन देव, आमच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला आणि गणपतीला मिळून एकच सुटसुटीत शब्द आहे, ही गोष्ट मला कोणी दाखवली नाही, आणि ती आपण होऊन सुचावयास कित्येक वर्षे जावी लागली. संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे शिकणे आणि मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. आमच्या वर्गातल्या कितीतरी चांगल्या मुलामुलींनी संस्कृत सोडले ते या दुसऱ्या अर्थाच्या धास्तीने, याची खंत मला आजही आहे.

पुढे बालवर्गास शिकवण्याचे काम माझ्या वाट्यास आले. एका पावसाळ्यानंतर शाळेच्या आवाराची भिंत नुकतीच चुन्याने पांढरी केलेली होती, आणि मुलांना तिच्यावर पंजे उमटवू द्यावेत म्हणून मी परातीत गेरू कालवून ठेवला होता. पाच वर्षांची एक मुलगी सर्वांच्या आधी पुढे आली, तिने उजवा हात गेरूत बुडवून भिंतीवर दाबला आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, 'हस्तः'. तिने डावा हात बुडवून त्याच्या शेजारी दाबला, तेव्हा मी म्हणाले, 'हस्तौ'. मग बाकीची मुले धावली, भिंत खालपासून त्यांच्या उंचीइतकी लाल पंजांनी भरून गेली, आणि मी त्या सगळ्या भिंतीवरून हात फिरवून 'हस्ताः' म्हणाले. एवढेच झाले, द्विवचन हा शब्द मी उच्चारला नाही, फळ्यावर काही लिहिले नाही. चारआठ दिवसांनी पणत्या रंगवताना मी एक पणती उचलून 'दीपः' म्हटले, त्याबरोबर त्या मुलीने आपल्या पुढ्यातल्या दोन पणत्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि विचारले, 'बाई, मग हे दीपौ?'

द्विवचन मराठीच्या जन्माआधीच, प्राकृतात, गळून पडले, त्यामुळे आठवीतल्या मुलाला ती एक नसती कटकट वाटते. परंतु पाच वर्षांच्या मुलाला दोन ही गोष्ट अनेकांहून निराळी असते, कारण त्याचे स्वतःचे शरीरच जोड्यांनी घडलेले आहे. कागदावर एक चेहरा काढावयास सांगावे आणि तो काढला जात असता प्रत्येक अवयवाचे नाव तेवढे म्हणत जावे: मुखम् एक, नासिका एक, नेत्रे दोन, कर्णौ दोन, ओष्ठौ दोन, आणि दन्ताः व केशाः मात्र मोजता न येण्याइतके. एका चेहऱ्यात तिन्ही वचने आणि तिन्ही लिंगे येऊन जातात. मुलाने एकच कान काढला तर 'कर्णौ' हा शब्द ऐकताच ते आपण होऊन दुसरा काढते, हे मी अनेकदा पाहिले आहे. आणि व्याकरणाने मुलाचे चित्र दुरुस्त करावे, याहून व्याकरणाचा निर्मळ उपयोग माझ्या पाहण्यात नाही.

मराठी मुलाच्या दृष्टीने या भाषेत परके असे थोडेच आहे. पिंपळाच्या पानाला मागून रंग लावून ठसा घेतला की 'पर्णम्' म्हणावे, आणि पर्ण व पान यांचे नाते त्या ठशाच्या शिरांइतके स्पष्ट दिसते. मातीचे प्राणी करताना तर मुलांना हे नाते शोधण्याचा छंदच लागतो, कारण व्याघ्राचा वाघ, मर्कटाचे माकड, मार्जाराचे मांजर, गर्दभाचे गाढव, उष्ट्राचा उंट, मत्स्याचा मासा आणि वृश्चिकाचा विंचू झालेला असल्यामुळे, नाव सांगण्यापूर्वीच ते अर्धेअधिक त्यांच्या ओठांवर आलेले असते; आणि ज्या मातीने हात भरलेले असतात ती स्वतः 'मृत्तिका'च होय. लिंगाचेही तसेच आहे. संस्कृतात आम्रः म्हणजे आंब्याचे झाड आणि आम्रम् म्हणजे त्याचे फळ; ही खुबी आपल्या घरातही आहे, कारण दारची केळ ती आणि ताटातले केळे ते. झाडाचे चित्र एका कागदावर आणि फळाचे दुसऱ्या कागदावर काढून घेतले म्हणजे समजावून सांगण्याचे प्रयोजन उरत नाही.

पण खरी समृद्धी आहे ती रंगांत, आणि येथे मला अमरकोशाविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. अमरसिंहाचा हा सुमारे दीड हजार श्लोकांचा, तीन कांडांचा कोश पाठशाळांतून लहान वयातच मुलांकडून पाठ करवून घेत असत, आणि त्यामुळे तो नीरस असावा असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः त्याच्या पहिल्या कांडातील धीवर्ग उघडून पाहिला तर रस आणि गंध यांच्या पाठोपाठ रंगांची अशी पेटी हाती लागते की चित्रकाराने हेवा करावा. नुसता तांबडा तेथे पुरत नाही: नीट प्रकट न झालेला तांबडा तो अरुण, रक्तकमळासारखा तो शोण, पांढरा मिसळलेला तो पाटल, आणि काळ्यात मुरलेला तो धूम्र. या व्याख्या कागदावर वाचून कोणाच्याही ध्यानात राहणार नाहीत, कारण त्या मुळी वाचण्यासाठी नसून पाहण्यासाठी आहेत. एका वाटीत गेरू आणि दुसरीत भिजवलेली खडूची पूड घ्यावी, मुलाच्या हाती काडी द्यावी, आणि ते पांढऱ्यात थेंबथेंब गेरू घालीत असता रंग जसा गुलाबी होऊ लागेल त्या क्षणी 'पाटलः' म्हणावे. मुलापुरता तो शब्द त्या वाटीतच जन्मास येतो.

याहून मोठा चमत्कार हळदीचा आहे. बशीत हळद कालवली की पीतः. पानाच्या डब्यातला चुना तो श्वेतः. आणि पांढऱ्याने पिवळा फिकट होईल असे सर्व मुले छातीठोकपणे सांगत असता, काडीच्या टोकावरचा चुना हळदीस लागताच ती लालभडक होते, आणि वर्गभर 'रक्तः, रक्तः' अशी आरोळी उठते. त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पीतः. (चुना मुलांच्या बोटांस वा डोळ्यांस लागू देऊ नये, तो मोठ्या माणसानेच काडीने लावावा.) रक्त म्हणजे मराठीत अंगातले रक्त आणि संस्कृतात तांबडा रंगही, हे त्याच वेळी सांगता येते. जी मुले थोडी मोठी असतील त्यांना असेही सांगावे की 'राग' या शब्दाचा मूळ अर्थ रंगणे, रंग चढणे असा असून, आपण रागावलो म्हणजे आपल्याला रंग चढला एवढेच पूर्वीच्या लोकांनी नमूद करून ठेवले आहे.

संस्कृतात चित्र 'काढीत' नाहीत, चित्र लिहितात. लिख् हा एकच धातू अक्षरालाही आहे आणि आकृतीलाही, म्हणून चित्राला आलेख्य असे नाव आहे. आपल्या जुन्या मराठीतही चित्र लिहिणे असेच म्हणत. पाटीवर रेघ ओढणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला 'लिख' म्हटले तर आपण त्याच्या वयाच्या बाहेरचे असे काही मागत नाही. पश्य, आनय, देहि, लिख, एवढ्या चार आज्ञांवर तासभर वर्ग चालतो.

भाषा आणि चित्र यांची अशी गाठ घालण्याचा विचार नवा नाही. युरोपात लॅटिनची अवस्था आपल्या संस्कृतासारखीच, छडीच्या धाकाने घोकण्याची झाली असता, मोराव्हियाचा शिक्षणवेत्ता कोमेनियस याने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे एक सचित्र पुस्तक छापविले, आणि पशुपक्षी, भाकरी, नांगर, लोहाराची भट्टी अशा रोजच्या वस्तूंची चित्रे देऊन त्यांखाली लॅटिन आणि जर्मन शब्द शेजारी शेजारी मांडले. आपल्याकडे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचे उदाहरण मला नेहमी आठवते. सावंतवाडीजवळच्या कोलगावी १८६७ साली जन्मलेला हा पुरुष मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेला चित्रकार होता, आणि त्यानेच पुढे औंधास स्वाध्याय मंडळ स्थापून वेदांचे संपादन केले व घरबसल्या संस्कृत शिकू इच्छिणाऱ्या सामान्य माणसासाठी सोप्या पाठांची पुस्तके लिहिली. तिसरे नाव ताराबाई मोडकांचे. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरास सुरू केलेल्या बालमंदिरात काम केल्यावर ताराबाईंनी बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांना सोबत घेऊन, बालशिक्षणाचे जे प्रयोग केले त्यांत महागडी साधने नव्हती. पाने, बिया, शिंपले, खडे यांवर तेथली शाळा चालली, आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच अंगणात आणि कुरणात न्यावी, असे त्यांनी केले. बालवर्गातले संस्कृतही माझ्या मते याच वाटेने न्यावे.

सातआठ वर्षांच्या मुलांपुरती आणखी एक कृती सांगते. पतंगाचा पिवळा आणि निळा कागद घेऊन खिडकीच्या उजेडात एकावर एक धरले की मधला भाग हिरवा दिसतो: पीतः, नीलः, हरितः. गण आणि ईश एकत्र आले की 'अ'वर 'ई' चढते आणि त्या दोहोंचा 'ए' होऊन गणेश होतो, तो याच रीतीने. उलट लाल कागदावर लालच कागद धरला तर नवा रंग निघत नाही, तोच अधिक गडद होतो. दीप आणि आवली यांमधले 'अ' आणि 'आ' मिळून 'आ'च राहतो आणि दीपावली होते. संधीचे नियम त्यांना पुढे यथाकाल शिकवता येतील. आज त्यांनी ते उजेडात धरून पाहिलेले पुरे.

शिक्षकांनी आणि आईबापांनी काही पथ्ये मात्र पाळावीत. एका बैठकीस चारपाच शब्दांवर जाऊ नये. शब्द पूर्ण प्रथमेत म्हणावा, 'हस्त' नव्हे तर 'हस्तः', आणि विसर्ग गिळू नये, कारण या वयात कान जे घेतो ते जन्मभर राहते. चित्राखाली शब्द लिहून चित्राचा तक्ता करू नये. परीक्षा तर मुळीच घेऊ नये. एका शाळेत असा उपक्रम उत्तम चालला असता वर्षअखेरीस त्याचे गुणपत्रक काढण्याचे फर्मान निघाले आणि मुलांनी रंगांकडे पाठ फिरवली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि हे शब्द एखाद्याच घराण्याचे वा जातीचे इनाम आहेत असा सूरही उमटू देऊ नये. या भाषेची दारे शतकानुशतके समाजातल्या बहुसंख्यांना, आणि बहुतेक स्त्रियांनाही, बंद राहिली. आमच्या त्या भिंतीवरचा कोणता पंजा कोणाच्या मुलाचा, हे दुसऱ्या दिवशी मलाही ओळखता आले नाही, आणि त्याचा मला फार आनंद झाला.

दिवाळी जवळ आली की बहुतेक अंगणांतून मुलांचे मातीच्या किल्ल्याचे काम जोरात सुरू होते. किल्ला हा शब्द अरबीतून आलेला. शिवछत्रपतींच्या आज्ञेने जो राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला त्यात दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले असून त्यात दुर्गवर्ग म्हणून एक स्वतंत्र प्रकरणच आहे. तेव्हा मुले चिखल कालवीत असता त्यांच्यापाशी जाऊन बसा. दगडविटांवर पोते टाकून त्यांनी जो उभा केला तो दुर्गः, पायऱ्या ते सोपानम्, वेस ते द्वारम्, खळगा खणून पाणी भरले तो कूपः, बुरुजावरचा कागदी झेंडा तो ध्वजः. सैनिक बाजारातून आणलेले असतील तर एकाला सैनिकः म्हणा, दाराशी दोघांना उभे करून सैनिकौ म्हणा, आणि तिसरा मुलांच्या हाती देऊन गप्प राहा.