एका रात्रीचा मुक्काम आणि पाण्याचा हिशेब

सहल म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे एस. टी.ची बस, गाणी आणि धर्मशाळेतला मुक्काम उभा राहतो. पण आज आपण निराळ्या सहलीचा बेत आखणार आहोत. पाठीवर पिशवी बांधायची, पायी चालत जायचे, आणि जिथे नळ नाही, दिवा नाही, छप्पर नाही अशा जागी एक रात्र काढून परत यायचे. अशा सहलीला पैसा थोडा लागतो, पण विचार मात्र पुष्कळ लागतो. आणि तो घरातून निघण्यापूर्वीच करावा लागतो.

समजा, आपण जालना जिल्ह्यातच जाणार आहोत. १ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या या जिल्ह्यात सह्याद्रीसारखे उंच कडे नाहीत. पण उत्तरेला भोकरदन आणि जाफराबादच्या बाजूला अजिंठ्याच्या रांगेचे फाटे आहेत, आणि अंबड तालुक्यात रोहिलागड या गावाजवळ टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. अशाच एखाद्या टेकडीवर आपल्याला जायचे आहे असे धरू. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षक, म्हणजे एकूण चौदा माणसे.

आता पहिला प्रश्न. सर्वांत जड वस्तू कोणती न्यायची? तुम्ही म्हणाल तंबू, कोणी म्हणेल भांडी. खरे उत्तर आहे पाणी.

चौऱ्याऐंशी किलो पाणी

हिवाळ्यात दिवसभर चालणाऱ्या माणसाला चोवीस तासांत पिण्यासाठी सुमारे ४ लिटर पाणी धरावे. स्वयंपाक, भांडी आणि हात धुणे यांसाठी काटकसर करूनही २ लिटर लागते. म्हणजे माणशी ६ लिटर झाले. १४ × ६ = ८४ लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणून हे ओझे ८४ किलोचे झाले!

हे वाहायचे कोणी? आपल्या वजनाच्या एकपंचमांशापेक्षा जास्त ओझे पाठीवर घेऊ नये असा साधा नियम आपण पाळू. ४५ किलो वजनाच्या विद्यार्थ्याला हे ओझे ९ किलोपर्यंत चालेल. शिक्षकांनाही तेवढेच धरू. त्यात पांघरूण आणि सतरंजी २ किलो, कपडे १ किलो, खाणे दीड किलो, भांडी, दोरी, औषधे यांतला वाटा १ किलो. बेरीज साडेपाच किलो. पाण्यासाठी उरले साडेतीन किलो. चौदा जणांचे मिळून ४९ लिटर झाले. लागणार ८४, नेता येणार ४९. तूट आली ३५ लिटरची.

ही तूट कशी भरायची यावरच सारी सहल अवलंबून आहे. "वर गेल्यावर बघू, टाक्यात पाणी असेलच," असे म्हणून निघणारे लोक असतात. पण टाके कोरडे निघाले तर? संध्याकाळ झालेली, घसे सुकलेले, आणि अंधारात टेकडी उतरून गाव गाठायचे. अपघात होतात ते बहुधा अशाच वेळी.

पाण्यात काटकसर करून भागणार नाही का? नाही. चालताना शरीर तापते आणि ते थंड ठेवण्यासाठी घाम येतो. एक लिटर घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हे पाणी परत भरून काढले नाही आणि शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी घटले, म्हणजे ४५ किलोच्या मुलाच्या बाबतीत फक्त ९०० ग्रॅम, तरी थकवा येतो, डोके दुखते, चाल मंदावते. म्हणून पिण्याच्या चार लिटरला हात लावायचा नाही. एप्रिल-मे महिन्यांत तर ही गरज इतकी वाढते की त्या दिवसांत असा मुक्काम ठरवूच नये.

काळ्या खडकातले पाणी

मग पाणी मिळेल कोठे? यासाठी पायाखालचा खडक ओळखला पाहिजे. जालना जिल्ह्याची जमीन बसाल्ट या काळ्या खडकाची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले आणि थंड होऊन हा खडक बनला. घट्ट बसाल्टमध्ये पाणी जवळजवळ मुरत नाही. ते मुरते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत. दोन थरांच्या सांध्यावर जिथे उतार उघडा पडतो तिथे झरा फुटतो.

पण हा साठा उथळ असतो. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून नोव्हेंबरमध्ये खळखळणारा झरा फेब्रुवारीत नुसता ओला डाग उरतो. १९७२ चा आणि २०१२-१३ चा दुष्काळ या भागाने सोसला आहे. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, कोणत्या विहिरीने शेवटपर्यंत साथ दिली हे ते अचूक सांगतील.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाचाही उपयोग होतो. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. त्यावर बारमाही पाणी निळ्या रंगात आणि कोरडे पडणारे ओढे काळ्या रेषांनी दाखवलेले असतात. पण नकाशा ज्या वर्षी केला त्या वर्षीचा असतो. म्हणून सहलीच्या आठवडाभर आधी दोघांनी प्रत्यक्ष जाऊन पाणी पाहून यावे. मेंढ्या चारणाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना विचारावे. कोणत्या ओढ्यात आज पाणी आहे हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते.

दशमीने सोडवलेले गणित

आता पुन्हा ३५ लिटरच्या तुटीकडे वळू. ती कमी करण्याची एक युक्ती आपल्या मराठवाड्यातील घरांत पूर्वीपासून आहे. प्रवासाला निघताना आजी काय बांधून देते? दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ. हे पदार्थ हिवाळ्यात दीड-दोन दिवस चांगले राहतात. मुक्कामी खिचडी रांधायची हौस सोडून हे नेले, तर स्वयंपाकाचे आणि भांड्यांचे पाणी वाचते. हात धुण्यासाठी माणशी अर्धा लिटर ठेवला, तरी गरज ६ वरून साडेचार लिटरवर येते. १४ × ४.५ = ६३ लिटर. त्यातून ४९ वजा केले की तूट राहिली १४ लिटर, म्हणजे साधारण एक हंडाभर पाणी!

हे हंडाभर पाणी पायथ्याच्या गावातून घ्यावे. त्याहून उत्तम म्हणजे मुक्कामच टेकडीवर न करता पायथ्याला, गावच्या विहिरीपासून थोड्या अंतरावर करावा आणि सकाळी हलक्या पाठीने टेकडी चढावी. संरक्षित स्मारकात रात्री राहण्यास मनाई असते. वनखात्याच्या हद्दीतही परवानगी लागते. म्हणून ग्रामपंचायतीला आणि जमिनीच्या मालकाला आधी विचारून जागा ठरवावी.

मिळालेले पाणी शुद्ध कसे करावे? तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण रोगजंतू मरत नाहीत. गाळलेले पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट तसेच ठेवावे. आपल्या उंचीवर पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि जंतू मारायला ते पुरेसे आहे. १४ लिटर पाणी २० अंशांपासून ९८ अंशांपर्यंत तापवायला १४ × ७८ = १०९२ किलोकॅलरी लागतात. एक किलो वाळल्या लाकडातून सुमारे ४००० किलोकॅलरी मिळतात, पण तीन दगडांच्या चुलीत त्यातला दहावा हिस्साच भांड्याला पोचतो असे धरले, तर पावणेतीन किलो लाकूड लागेल. आपल्या जिल्ह्यात जंगल फारच थोडे आहे. म्हणून क्लोरिनच्या गोळ्या वेष्टनावरील सूचनेप्रमाणे वापरणे अधिक शहाणपणाचे. मात्र एक लक्षात ठेवा. कपाशीच्या किंवा मोसंबीच्या फवारलेल्या शेतातून वाहत आलेले पाणी उकळूनही पिण्याजोगे होत नाही, कारण औषधाचे विष उकळल्याने जाईलच असे नाही.

वेळेचा हिशेब

स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपा नियम सांगितला. सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास धरावा. समजा, वाट १० किलोमीटरची आणि चढ १२० मीटरचा आहे. दोन तास अधिक बारा मिनिटे झाली. पण हा नियम सराईत माणसाचा. पाठीवर ओझे आणि बरोबर चौदा माणसे असताना त्यात निम्मा वेळ मिळवा, म्हणजे सुमारे तीन तास वीस मिनिटे. विश्रांतीचा एक तास वेगळा.

डिसेंबरच्या मध्यास जालन्यात सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो. मुक्काम उजेडात लावायचा तर साडेतीनला पोचले पाहिजे. म्हणून निघण्याची अगदी शेवटची वेळ अकरा. आपण नऊलाच निघू. हे दोन तास चुकलेल्या वाटेसाठी आणि दुखऱ्या पायासाठी राखीव.

चालताना वारीतली दिंडी आठवा. सगळे एकत्र चालतात, कोणी मागे पडत नाही. तुमच्या गटातही सर्वांत हळू चालणाऱ्याची गती हीच सर्वांची गती. एक शिक्षक पुढे, एक सर्वांत मागे.

रात्र

ओढ्याच्या पात्रातली मऊ वाळू झोपायला छान वाटते. पण ती जागा टाळा. अवकाळी पाऊस आला तर तेथेच पाणी धावते. शिवाय निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून थंड होते, आणि तिच्यावरची गार, जड हवा सखल भागात साचते. थोड्या उंचावरची सपाट जागा अधिक उबदार असते. थंडी खालूनही लागते, कारण जमीन अंगातील उष्णता वहनाने ओढून घेते. म्हणून दोन पांघरुणे असतील तर एक अंगाखाली घ्यावे. शेतकऱ्याने परवानगी दिली तर कडब्याचा थर पसरावा. त्यातली अडकलेली हवा उष्णतेला अडवते.

रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नका. सर्पदंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काही करू नये. माणसाला न हलवता १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा. म्हणूनच मोबाइलला जिथे संपर्क मिळतो ती जागा आधीच पाहून ठेवावी. कड्याला आग्या मोहोळ दिसले तर त्याखाली धूर करू नये.

शौचासाठी पाण्यापासून किमान ६० मीटर दूर वीतभर खोल खड्डा करून नंतर मातीने बुजवावा. कारण? खडकाच्या ज्या भेगांनी विहिरीत पाणी येते, त्याच भेगांनी घाणही जाऊ शकते. तुम्ही उद्या परत जाल, पण गाव मात्र वर्षभर त्याच विहिरीचे पाणी पिणार आहे.

करून पाहा

निघण्यापूर्वी वर्गात तीन गोष्टी करा. एक, प्रत्येकाने आपले आणि भरलेल्या पिशवीचे वजन करून एकपंचमांशाचा नियम तपासावा. दोन, एका दिवसात आपण किती पाणी पितो हे बाटलीने मोजावे. तीन, पिशवी पाठीवर घेऊन शाळेभोवती एक किलोमीटर चालावे आणि वेळ नोंदवावी. मग या लेखातले आकडे खोडून तेथे तुमचे आकडे लिहा आणि हिशेब पुन्हा मांडा.

तूट एका हंड्याहून जास्त आली, तर बेत बदला, तारीख बदला किंवा जागा बदला. फळ्यावर बदललेल्या बेताने कोणाला इजा होत नाही.