घर मिळण्याचा हक्क : कायदा, कागद आणि आपण

शिक्षण आणि नोकरी या विषयांवर आपल्या समाजात पुष्कळ बोलले जाते. पण शिकायला गेलेल्या मुलाला व बदली झालेल्या मुलीला परगावी डोके टेकायला जागा मिळेल काय, हा प्रश्न आपण नशिबावर सोडून देतो. भंडारदरा-शेंडी परिसरातील मुले शिक्षणासाठी अकोले, संगमनेर, नाशिक, पुणे येथे जातात. खोली पाहायला गेले की भाड्याच्या आधी आडनाव विचारले जाते. मग "कालच दिली", "फॅमिलीलाच देतो", "आमच्याकडे मांसाहार चालत नाही" अशी उत्तरे येतात. जातीचा उच्चारही होत नाही आणि दार बंद होते. म्हणून या विषयाची थोडी माहिती आम्ही सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

हा अनुभव नवा नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अवघ्या काही दिवसांत लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. मित्रांनीही अडचणी सांगितल्या. शेवटी बडोदे सोडून ते मुंबईला परतले. विद्या होती, पद होते, पगार होता. नव्हते ते घर. घराअभावी नोकरीही टिकत नाही, हा त्यातला बोध आहे.

कायदा काय म्हणतो?

संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम 19 ने भारतात कोठेही राहण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य दिले. 1955 च्या कायद्याला 1976 च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. त्याच्या कलम 4 नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास अडविणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. याच कायद्याचे कलम 12 फार महत्त्वाचे आहे. कायद्यातील गुन्हा ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर येते.

1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली. घर वा गाव सोडण्यास भाग पाडणे, तसेच सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे हे गुन्हे त्यात आहेत. 1990 पासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांचाही केंद्राच्या अनुसूचित जातींत समावेश असल्याने हे संरक्षण आपल्यालाही आहे. त्यासाठी जातीचा दाखला तयार ठेवावा.

कायद्यात उणीवही आहे. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल 1968 मध्ये, घर विकताना वा भाड्याने देताना वंश, वर्ण, धर्म यांवरून भेद करण्यास बंदी घालणारा स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे असा सर्वव्यापी कायदा नाही. उलट 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली. त्यामुळे आहे त्या कायद्याचा नेमका वापर करणे आपल्याला शिकले पाहिजे.

आपल्या परिसरातील दोन गोष्टी

भंडारदरा परिसर आदिवासीबहुल असून अनुसूचित क्षेत्रात मोडतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला शासकीय मंजुरीशिवाय घेता येत नाही. त्यामुळे एखाद्या आदिवासी बांधवाने प्लॉट देण्यास नकार दिला, तर तो भेदभाव समजू नये. ते त्याचे संरक्षण आहे, आणि आपण त्याचा आदरच केला पाहिजे.

दुसरी गोष्ट, अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीविरुद्ध लागू होत नाही. नागरी हक्क संरक्षण कायद्यात मात्र अशी सूट कोणालाच नाही. कोणता कायदा कोठे लागतो हे न पाहता तक्रार केली तर ती पहिल्याच पायरीवर लंगडी पडते.

नकार मिळाल्यास काय करावे?

नकार तोंडी असतो, पुरावा कागदावर लागतो. म्हणून :

1. तारीख, वेळ, पत्ता, बोललेले शब्द व सोबत कोण होते हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. मोबाईलवरील संदेश पुसू नयेत.

2. "दिली" असे सांगितलेली खोली रिकामीच आहे काय, हे दुसऱ्या आडनावाच्या मित्राने त्याच दिवशी विचारून पाहावे. अमेरिकेत भेदभाव उघड करण्यासाठी हीच पद्धत वापरतात.

3. गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व नाकारल्यास कारण लेखी मागावे आणि सहकार खात्याच्या निबंधकाकडे दाद मागावी.

4. भाडेकरार लेखी व नोंदणीकृत करून घ्यावा. कायदेशीर मार्गाशिवाय घराबाहेर काढल्यास सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात ताबा परत मागता येतो.

5. तक्रार पोलीस ठाण्यात लेखी द्यावी व पोच घ्यावी. अत्याचाराच्या तक्रारीसाठी 14566 आणि विधी सेवेसाठी 15100 हे दूरध्वनी क्रमांक आहेत. अनुसूचित जाती-जमातींना तसेच स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

बँकेत काम करीत असल्याने आणखी एक सांगावेसे वाटते. कर्ज देताना जात, धर्म वा लिंग यांवरून भेद करू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2003 सालीच बँकांना बजावले आहे. गृहकर्जाचा अर्ज नामंजूर झाल्यास कारण लेखी मागावे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. दोन्हींत निवास-भोजनासाठी रक्कम थेट खात्यात जमा होते. म्हणून खाते आधारशी जोडलेले व चालू स्थितीत असावे.

संस्थेने काय करावे?

एकटा विद्यार्थी खोलीच्या शोधात असताना भांडू शकत नाही. त्याला आधी रात्रीचा निवारा हवा असतो. यासाठी संस्थेने तीन कामे हाती घ्यावीत असे आम्ही सुचवितो. संगमनेर, नाशिक व पुणे येथे आडनाव न विचारता खोली देणाऱ्या घरमालकांची यादी ठेवावी. तेथील नोकरदार सभासदांनी नव्या विद्यार्थ्याला पहिले आठ दिवस आपल्याकडे ठेवून घ्यावे. आणि नकाराच्या घटनांची नोंदवही ठेवावी, कारण एका नकाराला योगायोग म्हणता येते, वहीभर नकारांना नाही.

आणि एक गोष्ट आपल्या घरची. आज आपल्यापैकीही काहीजण घरमालक आहेत. पारधी, मुस्लिम वा एकटी राहणारी स्त्री खोली मागायला आली तर आपण काय उत्तर देतो? डिसेंबर 2020 मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलणे शासनाच्या हाती होते. दारे उघडणे तुमच्या-आमच्या हाती आहे.