आधी आराखडा, मग सॉफ्टवेअर

एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणजे व्यवसायातली कामं, माहिती आणि सॉफ्टवेअर एकमेकांशी कशी जोडली आहेत याचा आराखडा. त्याची मूळ चौकट जॉन झॅकमन यांनी 1987 मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात मांडली.

वसई पूर्वेच्या सातिवलीसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या गाळ्यालाही असा आराखडा हवाच. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, स्टॉक एक्सेलमध्ये, हिशेब टॅलीत. एकच बोल्ट ऑर्डरमध्ये ‘एम 8’, स्टोअरच्या यादीत ‘आठ एमएम’, बिलावर जीएसटीचा एचएसएन कोड 7318. आणि त्याच कोडात नट, स्क्रू, वॉशरही येतात! मग माल शिल्लक असूनही पुन्हा खरेदी होते.

आराखड्यात ठरतं ते असं: मालाची मूळ नोंद कुठे राहणार, ती बदलायचा अधिकार कुणाला, बाकीची सॉफ्टवेअर ती कुठून उचलणार. ईआरपी, म्हणजे ही सगळी कामं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं ते यानंतरच, नाहीतर जुनाच गोंधळ नव्या स्क्रीनवर दिसतो. छोट्या कारखान्याचा आराखडा एका कागदावरही मावतो.