चष्मा आधी धुवा, मग पुसा

भाताच्या झोडणीचे दिवस होते. शहापूरकडचे साठीचे एक शेतकरी दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, महिनाभर चष्मा पुसतोय, पण उजवीकडचा धुरळा काही जात नाही." चष्मा हातात घेतला. धोतराच्या सोग्याने पुसून पुसून दोन्ही काचांवर बारीक चरे पडले होते. नळाखाली धुऊन परत दिला, तरी उजवीकडे धूसरच. तेव्हा डोळ्यावर बॅटरीचा प्रकाश टाकला. बाहुली पांढुरकी दिसली. तो धुरळा नव्हता, मोतीबिंदू होता.

वाचकहो, ज्यांना आपण काचा म्हणतो त्या हल्ली बहुधा प्लॅस्टिकच्या असतात. वजनाला हलक्या, सहसा न फुटणाऱ्या. पण त्यांवर चरे लवकर पडतात. आपल्याकडे वीटभट्ट्यांची आणि कच्च्या रस्त्यांची धूळ भरपूर. तिच्यात वाळूचे बारीक कण असतात. कोरडा चष्मा पदराने किंवा सदऱ्याने पुसला की हेच कण काचेवर पॉलिश पेपरासारखे घासले जातात. रात्री समोरून गाडी आली की तिचा प्रकाश या चऱ्यांवर पसरतो. माळशेज घाटात मोटारसायकल चालवणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकते.

चष्मा स्वच्छ करण्याची रीत सोपी आहे. प्रथम हात धुवावेत. चष्मा साध्या पाण्याच्या धारेखाली धरून धूळ वाहून जाऊ द्यावी. भांड्यांच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटांवर घेऊन काचा, दांड्या व नाकावरच्या गाद्या हलकेच चोळाव्यात. पुन्हा धुवून, धुतलेल्या मऊ सुती कापडाने पाणी टिपावे. राख, टूथपेस्ट, थिनर व गरम पाणी वर्ज्य. चष्मा चुलीजवळ किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नये. काचेवरचा लेप तडकतो. ठेवताना काचा वरच्या बाजूस असाव्यात.

पक्षी पाहण्यासाठी दुर्बीण बाळगणाऱ्यांनी मात्र ती नळाखाली धरू नये. धूळ मऊ ब्रशने झटकावी, मगच काच पुसावी. पावसाळ्यात दमट कातडी पिशवीत ठेवल्यास आत बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ठेवावी.

आता मुख्य गोष्ट. धुतलेला चष्मा लावूनही धूसर दिसत असेल, तर एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचून पाहावे. एका डोळ्याने कमी दिसले तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दिव्याभोवती रंगीत कडी दिसून डोळा लाल झाला व दुखू लागला, तर त्याच दिवशी जावे. तो काचबिंदू असू शकतो आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूचे तसे नाही. त्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम देशात १९७६ सालीच सुरू झाला.

त्या शेतकऱ्यांची शस्त्रक्रिया झाली. आता त्यांना दोन्ही डोळ्यांनी नीट दिसते. आपल्या घरातही कोणी आजी-आजोबा सारखा चष्मा पुसत असतील, तर आज तो धुऊन द्या आणि विचारा, "आता दिसतं का?"