पेज आणि पाताळगंगा बारमाही कशामुळे?

एप्रिलमध्ये भिवपुरीजवळ खळाळणारी पेज नदी पाहून पाहुणे हमखास म्हणतात, ‘कर्जतला पाऊस दांडगा, म्हणून नदी बारमाही.’ पाऊस दांडगा आहेच. पण उतार तीव्र आणि खाली काळा कातळ. पाणी मुरतं थोडं, वाहून जातं फार. इथल्या बहुतेक ओढ्यांची धार उन्हाळा लागला की तुटते.

पेजेचं उन्हाळ्यातलं पाणी घाटमाथ्यावरून येतं. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. तिथलं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिवपुरीच्या वीजघरात उतरतं, जनित्रं फिरवतं आणि पेजेत सुटतं. हे वीजघर १९२२ सालचं. खोपोलीचं त्याही आधीचं, १९१५चं. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचं पाणी तिथून पाताळगंगेला मिळतं. दोन्ही वीजघरं टाटांची; म्हणून गावकरी या पाण्याला ‘टाटाचं पाणी’ म्हणतात, ते अगदी बरोबर आहे. एरवी हे पाणी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं.

वीज काढून घेतली की पाणी निकस होतं, असंही अनेकांना वाटतं. जनित्र घेतं ती फक्त पडत्या पाण्याची ताकद. पाण्यातले क्षार जसेच्या तसे राहतात. खात्री हवी तर मार्चमध्ये राजनाला कालव्याच्या कडेने चालावं. याच पाण्यावर तिथे उन्हाळी भात उभा असतो, तर कालव्यापल्याडचं माळरान करपलेलं दिसतं.

बारमाही म्हणजे दिवसभर एकसारखी, असं मात्र धरून चालू नये. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी सुटतं. घोटाभर पाण्यातून पलीकडे गेलेला माणूस परतताना अडकू शकतो. सहलीला आलेल्यांनी पात्रात उतरण्याआधी काठच्या माणसांना विचारावंच.

सगळ्यात जिव्हारी लागणारा गैरसमज म्हणजे नदी वाहते आहे, तेव्हा तालुक्याला पाणीटंचाई कसली! नदी खाली आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या कित्येक वाड्या वर डोंगरात. मे महिन्यात तिथल्या बायका हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात आणि चढतात. पाणी वर चढवायला पंप, नळ आणि वीज लागते. घाटाखालीच वीज तयार होत असताना वाड्यांपर्यंत पाणी न पोचणं मला अक्षम्य वाटतं.

घाटमाथ्यावरून येणारं हे पाणी पुन्हा पूर्वेकडे, दुष्काळी भागात वळवावं अशी मागणी अधूनमधून होते. तिथली तहान खरी आहे. पण पेज पुढे उल्हासला मिळते आणि बदलापूर-कल्याणपर्यंतची शहरं तिच्यावर विसंबून आहेत. निर्णय घेताना राजनाल्याचा शेतकरीही समोर बसलेला हवा.